चप्पल दारात आहे तोवर

सौदा करायला मी नळदुर्गच्या हमरस्त्यावर शिकलो. ढाब्यांसमोर ट्रक उभे राहायचे आणि मी ड्रायव्हर लोकांकडून स्प्रिंगचे मोडके पाटे, फुटक्या बेअरिंगा, जुने पट्टे भंगाराच्या भावात घ्यायचो. शाळा सुटलेली होती, पाठीशी कुणी नव्हतं. समोरचा माणूस कधी पंजाबचा, कधी तमिळनाडूचा. भाषा कळली नाही तरी सौदा कळायचा. तिथं जे शिकलो त्यावर पुढचं सगळं उभं केलं. जो आधी बोलतो तो आधी खाली येतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की गिऱ्हाईक शिव्या देऊ दे, तोंड फिरवू दे, त्याची चप्पल दारात आहे तोवर सौदा जिवंत असतो. चप्पल पायात गेली की मग एकच इलाज उरतो. चार दुकानं ओलांडायच्या आत त्याला मागनं हाक मारायची. ही हाक मी कुणाला मारली नव्हती. मारायची वेळच येऊ दिली नाही.

आता मुरुममध्ये माझं वर्कशॉप आहे. लहान डाळ मिल बनवतो. तूर, मूग, हरभरा, जे असेल ते भरडणारी, एका खोलीत मावणारी मशीन. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक बायकांचे बचत गट, अर्धे आपल्या उमरगा तालुक्यातले आणि अर्धे पलीकडचे, कर्नाटकातले. मशीन विकणं सोपं आहे, शिकवणं अवघड. तुरीला आधी चरे पाडायचे, मग तेल चोळायचं, उन्हात घालायची, पाणी मारून झाकून ठेवायची, परत वाळवायची आणि मग भरडायची. यातलं एक चुकलं की डाळ कमी आणि चुनी, म्हणजे भुगा, जास्त. मग फोन येतो, तुमची मशीन खराब आहे. मशीन खराब नाही म्हटलं की भांडण. मी भांडणाला कधी कमी पडलो नाही, पण गिऱ्हाईक तुटतं.

पूर्वी प्रत्येक मशीनबरोबर आम्ही दोघं जायचो, मी आणि बायको. मी मोटर जोडायचो, पट्टा ताणायचो. ती गटातल्या बायकांमध्ये फतकल मारून बसायची आणि पहिली डाळ बाहेर पडेपर्यंत उठायची नाही. तिचं माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. मराठी गावात मराठी, कन्नड गावात कन्नड, आणि मला रागवायचं असलं तर दोन्ही. पहिली डाळ पडली की बायका ओंजळभर तिच्या पदरात घालायच्या. ती डाळ आमच्या घरी वेगळ्या डब्यात असायची. डाळ संपली की बायको मला म्हणायची, "येन्री, मशीन विका आता, डबा रिकामा झाला." येन्री म्हणजे अहो. आयुष्यभर तिनं मला दुसरी हाक मारली नाही.

काम वाढलं तसं प्रत्येक गावी जाणं जमेना. सून पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिनं एका दिवाळीत बसून सगळी माहिती ऑनलाइन टाकायची सोय करून दिली. अशी माहितीपुस्तकं ठेवणारी एक साइट आहे, नाव सांगत नाही. तिथं आपण पानं लिहायची, फोटो लावायचे, आणि मशीनवर क्यूआर कोडचं स्टिकर चिकटवायचं. बाईनं फोन धरला की पान उघडतं. मराठी पानं मी लिहिली. लिहिली म्हणजे बोललो, सुनेनं टाइप केलं. कन्नड पानं बायकोनं स्वतः लिहिली, फोनवर, एका बोटानं. माझ्या पानांचं भाषांतर कर म्हटलं तर म्हणाली, "तुमचं वाचून बायका मशीनला हात लावणार न्हाईत. पोलीस पाटलानं दवंडी दिल्यासारखं लिहिलंय." मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ती शिकवते म्हणायची, मी म्हणायचो गरज काय. म्हणून तिच्या पानात काय लिहिलंय ते मला कधीच माहीत नव्हतं. फोन कमी झाले एवढं खरं.

त्या साइटवाल्यांची दर महिन्याला मेल येते. नवीन काय केलं, कशात दुरुस्ती केली, याची. इंग्रजीत असते, मी फोनकडून मराठी करून घेतो आणि बाजारभाव वाचावा तशी वाचतो. सून म्हणायची, "मामा, हे कुणी वाचत नाही हो." मी वाचतो. ज्याच्या जागेवर आपलं दुकान आहे त्यानं भिंत कुठं हलवली हे माहीत नको? त्यांच्या मदत विभागाशी माझा पत्रव्यवहार जुना आहे. पान छापायला घेतलं की कन्नड अक्षरं फुटायची, जोडाक्षराचे तुकडे वेगवेगळे पडायचे. मी पाच मागण्या लिहिल्या. पाच कशाला, सून म्हणाली, एकच तर अडचण आहे. पाच मागितल्या की एक मिळते. चार मी सोडल्यासारखं केलं, आणि काही महिन्यांनी त्यांच्या यादीत ओळ आली की काही भारतीय लिप्यांची छपाई दुरुस्त केली आहे. मी ती मेल बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं. भांडून का होईना, माझी अक्षरं सरळ केलीत."

मग नातू झाला. सुनेची रजा संपत आली तेव्हा मुलाचा फोन आला. तो आईला. "आई, तू ये काही दिवस." तिनं पिशवी भरायला काढली. मी वर्कशॉपातनं आलो तर कपडे पलंगावर मांडलेले.

"कुठं निघालीस?"

"पुण्याला. पोरगं सांभाळायला कुणी न्हाय."

"आणि इथं?"

"इथं काय? तुम्ही हाय की."

मला कुणी विचारलं नव्हतं. मुलानं नाही, सुनेनं नाही, तिनंही नाही. जायचं असेल तर जा, मी नाही म्हणालो नसतो. पण विचारायला काय होतं? ज्या मुलाचं शिक्षण मी लोखंड कापून केलं त्याला बापाचा नंबर माहीत नव्हता का? आणि ये म्हणायचं तर दोघांना म्हणायचं. मी तिला तेव्हा म्हणालो, "तू गेलीस तर तुझी ती कन्नड पानं बघणार कोण? मी काढून टाकीन."

ती घडी घालता घालता थांबली. म्हणाली, "टाका." आणि घडी पुरी केली.

उमरग्याच्या स्टँडपर्यंत मी सोडायला गेलो, पण बोललो नाही. तीही बोलली नाही. गाडीत बसली, खिडकीतनं समोर बघत राहिली. काही दिवस म्हणून गेलेली, पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमच्यात अबोला. मुलाचा फोन रविवारी यायचा. तो म्हणायचा, "आई विचारते, जेवताय का नीट." मी म्हणायचो, "विचारणाराला सांग, जेवतो." पाठीमागं तिचा आवाज यायचा, नातवाशी कन्नडमध्ये काही तरी बोलत असायची. फोन तिच्या हातात कधी आला नाही आणि मी मागितला नाही. मागितला की खाली आलो.

पानं मात्र मी काढली नाहीत. बोललो रागात, पण धंद्याचं नुकसान करून घेणारा मी माणूस नाही.

घर मोठं नाही आमचं, तरी एकट्याला पुरून उरतं. सकाळी खानावळीचा डबा, संध्याकाळी तोच गरम करून. डाळीचा तो वेगळा डबा रिकामा होता. ती गेल्यावर मशीनबरोबर मी एकटा जायचो. बायका लांब उभ्या राहायच्या, पदर तोंडाला लावून. पहिली डाळ पडली की म्हणायच्या, "वैनी न्हाईत आल्या?" मी म्हणायचो, पुण्याला आहेत. मग त्या माझ्या ओंजळीत डाळ घालायला बिचकायच्या. पुरुषाच्या पदरात काय घालणार? डबा रिकामाच राहिला.

अशात एकदा त्या साइटची मेल आली. फोटो मोठा करून बघायची सोय, शोधाची पेटी वर आणली, तक्ते सरळ केले, आणि एक नवीन गोष्ट. पान लिहिणाऱ्यांपैकी आत्ता कोण कोण त्या पानावर आहे ते वरच्या कोपऱ्यात दिसेल. प्रत्येकाचं एक गोल, त्यात नावाचं पहिलं अक्षर, कडेला हिरवी रेघ.

शटर ओढून मी ऑफिसात बसलो होतो. बघू तरी म्हणून मराठी पान उघडलं. माझा गोल, एकटाच. मग कन्नड पान उघडलं. तिथं दोन गोल होते.

दुसरा तिचा. तिचं अक्षर.

मी फोन टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायलो. परत बघितलं. होता. मला वाटलं, बघायला आली असेल, मी पानं काढली की ठेवली. मी स्वतःशीच म्हणालो, बघ, सगळी आहेत. पण लिहिलं काही नाही. तिनंही काही लिहिलं नाही. मी बराच वेळ बसलो, ती उठली नाही. शेवटी वर्कशॉपच्या मेस्त्रीनं चाव्या मागितल्या तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं. होती. तिसऱ्या दिवशी होती.

सौदा करणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अबोला धरलाय, किंमत सांगत नाही, पण चप्पल दारात आहे. गिऱ्हाईक उठलेलं नाही. आता घाई करायची नाही. जसा तिचा गोल मला दिसतोय तसा माझाही तिला दिसत असणार. दोघं समोरासमोर बसलोय, बोलत नाही. बरं आहे, बसू. बघू कोण आधी बोलतं.

त्या दिवसांत माझी संध्याकाळ बदलली. शटर ओढलं की चहा मागवायचा, पान उघडायचं आणि बसायचं. न वाचता येणारी अक्षरं समोर, गोल गोल, जिलबीसारखी, आणि वर ती. मी दाढी रोज करायला लागलो, का ते मला सांगता येणार नाही, त्या गोलात चेहरा दिसत नाही. मेस्त्री माझ्याकडं वीस-एक वर्षं आहे, त्याच्या नजरेतनं काही सुटत नाही. म्हणाला, "मालक, लई दिवसांत कुणाला शिवी दिली न्हाय. तब्येत बरी हाय ना?"

"तुला पायजे का एक?"

"द्या की. सवय मोडली तर वेल्डिंगला हात चालायचा न्हाय."

एकदा मी तिच्या पानावरचा पट्ट्याचा फोटो बदलला, जास्त चांगला लावला. म्हटलं आता तरी काही म्हणेल. काही नाही. दुसऱ्यांदा मुद्दाम उलटा लावला. तिला उलटी वस्तू सहन होत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर जेवताना उठून सरळ करते. दोन दिवस फोटो उलटा राहिला. तिनं हात लावला नाही. मला तिचं कौतुक वाटलं. म्हटलं, माझ्याजवळ राहून तयार झाली बाई. मीच सरळ केला.

कळायला पाहिजे होतं, असं आता कुणीही म्हणेल. एका रविवारी मुलगा फोनवर म्हणाला, "आई बाळाला घेऊन खाली बागेत गेलीय, फोन घरीच राहिलाय." मी त्याच वेळी पान बघितलं तर तिचा गोल हिरवा. मी काय धरलं? पोरगा खोटं बोलतोय. आईला बापाशी बोलू द्यायचं नाही म्हणून. जो माणूस ट्रकच्या आवाजावरनं त्याचं कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगतो, त्यानं ही खूण उलट्या बाजूनं वाचली. पण दारात चप्पल दिसत असताना दुकानात कुणी नाही, असं कोण धरेल?

मग काही महिन्यांनी आणखी एक मेल आली. सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी मी ती नेहमीसारखी वाचली. शोध आता लवकर लागेल, रात्रीसाठी काळा पडदा मिळेल, मोडलेल्या लिंका आपोआप सांगितल्या जातील. तळाला दुरुस्त्यांची यादी होती आणि तिच्यातली शेवटची ओळ अशी, की पान सोडून गेलेल्या व्यक्तीची खूण काही वेळा तशीच राहत होती, ते आता दुरुस्त केलं आहे. मी वाचलं आणि फोन खिशात घातला. लोकांच्या बारीकसारीक अडचणी असतात.

संध्याकाळी पान उघडलं. एकच गोल. माझा.

वाटलं, पोरगं आजारी असेल. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडलं, संध्याकाळी परत उघडलं. एकटा. तेव्हा ती आदल्या सकाळची ओळ आठवली. मेल काढून पुन्हा वाचली. फोनचं मराठी चुकत असेल म्हणून इंग्रजी वाचली, अक्षर अक्षर लावून. तेच होतं.

मी मदत विभागाला लिहिलं. जसं सुचलं तसं लिहिलं, मराठीतच, त्यांचं त्यांनी बघावं. तुम्ही दुरुस्ती केली म्हणता, आमच्या पानावरची दुसरी व्यक्ती गेली. परत आणा. उत्तर सभ्य आलं. त्यांनी तपासून बघितलं होतं. त्या खात्यातून ही सोय सुरू झाली त्याच दिवशी, मोबाइलवरून, एकदा पान उघडलं गेलं होतं. त्यानंतर ते खातं वापरलेलं नाही. खूण चुकून राहिली होती, त्याबद्दल क्षमस्व.

मी परत लिहिलं. सगळ्यांसाठी नको, फक्त आमच्या एका पानापुरतं जुनं तसंच ठेवा. मी जुना ग्राहक आहे. दुसऱ्या कोणत्या सोयी बंद केल्या तरी चालतील, काळा पडदा नको, शोध हळू लागला तरी चालेल. माझ्या बाजूनं मी एवढं सोडतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एक मागत होतो आणि पाच सोडत होतो.

त्यांनी लिहिलं, तसं करता येत नाही. आणि खाली, कुणी माणसानं लिहिलं असावं असं एक वाक्य होतं: ती खूण दाखवून आम्ही तुम्हाला चुकीची माहिती देत होतो.

त्या दिवशी मी वर्कशॉपात सगळ्यांना शिव्या दिल्या. चाळण्या वाकड्या म्हणून एक अख्खा संच परत कापायला लावला, वाकड्या नव्हत्या. मेस्त्रीनं हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "वैनींचं काय बरंवाईट न्हाय ना?"

"तुझ्या वैनी मजेत आहेत."

"मग तुमाला काय झालंय?"

काय सांगणार? की मी महिनोन्‌महिने रिकाम्या दुकानाशी घासाघीस केली? समोर कुणी नाही आणि मी मनातल्या मनात किंमत उतरवत होतो? कारण उतरवत होतो, हे खरं आहे. आधी ठरवलं होतं, तिनं माफी मागितली तरच बोलायचं. मग म्हटलं, माफी नको, नुसतं येते म्हणाली तरी पुरे. मग म्हटलं, येते नको, उलटा फोटो सरळ केला तरी चालेल. इतका खाली आलो होतो मी, आणि तिला पत्ताही नव्हता. ती एकदा आली होती. पानं आहेत का बघितलं आणि गेली. दारातली चप्पल तिची होती, पण ती अनवाणी कधीच निघून गेली होती.

घरी आलो, डबा गरम केला, खाल्ला नाही. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावर ट्रॉल्या चालल्या होत्या. मी पायरीवर बसलो. तेव्हा चार दुकानांची गोष्ट आठवली. चार दुकानं कधीच मागं पडली होती. पुणं इथनं चार दुकानांवर नाही. पण पान उघडायचं तर आता तिथं मी एकटाच बसणार होतो, रोज, मरेपर्यंत, आणि ते मला जमणार नव्हतं. तिचा नंबर लावला. मुलाचा नाही, तिचा.

बराच वेळ वाजला. मग उचलला. कुणीच बोललं नाही. पोराचा आवाज येत होता, वाटी आपटत होतं काही तरी.

मी आधी बोललो. म्हणालो, "पलीकडचा एक गट विचारतोय. कन्नड पानावर तिसऱ्या फोटोखाली काय लिहिलंय, त्यांना कळंना."

ती म्हणाली, "ऊट आयता?"

जेवण झालं का. आमच्याकडं हे विचारल्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही.

"झालं."

"खोटं. आवाज उपाशी माणसाचा हाय." मग म्हणाली, "पानं ठेवलीत व्हय?"

"काढायला मी काय येडा हाय?"

"म्हणाला होता की."

"तू टाका म्हणालीस."

"मग काय रडत बसू व्हय तुमच्यापुढं?" पोरानं वाटी जोरात आपटली, तिनं त्याला काही तरी दिलं असावं, आवाज थांबला. "एकदा बघितलं म्या. होती. परत बघितलं न्हाय."

"का न्हाय?"

"बघितलं आन नसली तर? न बघितलं की हायत असंच वाटतं. वाटत होतं, तेच बरं."

मी त्या गोलाचं तिला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"त्या गटाला काय सांगू?" मी विचारलं.

"गट बिट काय न्हाय. कन्नड वाचणाऱ्या बाया तुमाला कशाला विचारतील? माझ्याशी बोलायला मधी गिऱ्हाईक लागतं व्हय?"

"तू सांग तरी."

"तिसऱ्या फोटोखाली ना? लिहिलंय, मशीन एकटीनं चालवू नका. एकजण तुरीपाशी, एकजण बटणापाशी. बटणापाशी बसलेलीनं उठायचं असलं तर आधी मशीन बंद करायची आन सांगून उठायचं."

माझ्या मराठी पानावर त्या जागी लिहिलंय, यंत्र चालू असताना हात घालू नये, अन्यथा उत्पादक जबाबदार राहणार नाही. मी तिला म्हणालो, तुझं चांगलं आहे, मराठीत घालतो. ती म्हणाली, घाला, आणि खाली माझं नाव टाकू नका, तुमचंच असू द्या, तुमचा जीव नावात असतो. हे टोमण्यानं म्हणाली. बरं वाटलं.

मग मी विचारायचं ते विचारलं. कधी येतेस.

"आत्ता कसं येऊ? पोरगं माझ्याबिगर झोपत न्हाय. पाळणाघरात घालायचं ठरलंय, पण अजून जरा मोठं होऊ दे." आणि म्हणाली, "तुम्ही या की."

"मला कुठं कुणी बोलावलंय?"

"अय्यो. म्या बोलावते की आत्ता."

"आता बोलावतेस. तेव्हा कुणी विचारलं नाही. एका तोंडानं नाही. फोन आला तो तुला आला."

"तुमाला कोण विचारणार? विचारायच्या आधी तुमी न्हाय म्हणून ठेवता. पोरगा भितो तुमाला, अजून. बाप झाला तरी भितो." मग म्हणाली, "विचारायला पायजे होतं. ते खरं हाय."

ती एवढं म्हणाली. मी याच्यासाठी सगळा वेळ बसून होतो, असं म्हटलं तरी चालेल. पण ते मिळालं तेव्हा त्याचं काय करायचं हे मला कळेना. सौद्यात मनासारखं मिळालं की चेहरा सरळ ठेवायचा असतो. इथं चेहरा बघायला कुणी नव्हतं. मी नुसता हं म्हणालो. अजून माझं म्हणणं तेच आहे, विचारायला पाहिजे होतं. तिनं कबूल केलं म्हणून ते माझ्या मनातून गेलं असं नाही.

पुण्याला मी जाऊन आलो. चार दिवस म्हणून गेलो, दोन दिवसांत परतलो. त्या घरात मला बसायला जागा होती, करायला काही नव्हतं. नातू माझ्या आवाजाला घाबरला, मग खेळला. मुलानं मला दोनदा विचारलं, अप्पा काही हवं का. मी नाही म्हणालो, आणि म्हणताना बायको माझ्याकडं बघत होती. निघताना तिनं पिशवीत एक डबा घातला. डाळ होती, पुण्याच्या दुकानातली. म्हणाली, "मशीनची न्हाय. पर डबा रिकामा बरा दिसत न्हाय."

ती अजून तिकडंच आहे. पोरगं मोठं होतंय, पाळणाघराचं अजून चाललंयच. अबोला संपला, पण फोनवर आम्हाला फार बोलता येत नाही. इतकी वर्षं बोललो ते काम करता करता. हातात काम नसलं की तिला काय सांगायचं हे मला सुचत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, संध्याकाळी पोरगं खेळत असतं तेव्हा पान उघडायचं. ती एकेक ओळ नीट करते, मी ती मराठीत आणतो. मला एकेक अक्षर ओळखायला लागलंय. तिच्या नावाचं कन्नड अक्षर आधी शिकलो, मग तुरीचं.

तिचा गोल येतो. मग पोरगं रडतं किंवा सून येते, आणि गोल जातो. आता लगेच जातो, दुरुस्ती त्यांनी पक्की केली आहे. कोपऱ्यात माझा एकट्याचा राहतो. सांगून उठायचं असं तिनं स्वतः लिहिलंय तरी ती सांगून उठत नाही, पोरगं सवडच देत नाही. मेस्त्री चाव्यांसाठी दारात उभा असतो. म्हणतो, "मालक, वैनी गेल्या की, बंद करा आता."

मी अजून थोडा वेळ बसतो. आधी उठायची सवय मला नाही.